मुंबईत कला बघायला निघण्याआधी वार बघा

बुधवारी भायखळ्याला उतरून राणीच्या बागेतल्या संग्रहालयापर्यंत चालत गेलात, तर फाटक बंद मिळेल. सोमवारी कान्हेरी बंद, घारापुरीची लेणी बंद, रीगलसमोरचं आधुनिक कलेचं राष्ट्रीय दालनही बंद. जहांगीर कला दालन सोमवारी उघडं असतं, पण संध्याकाळी पोहोचलात तर चित्रं भिंतीवरून उतरून बबल रॅपमध्ये जाताना दिसतील. या शहरात कलेच्या जागा शोधायला फार कष्ट पडत नाहीत, पत्ते सगळ्यांना माहीत असतात. फेरी वाया जाते ती चुकीच्या वारी, चुकीच्या वेळी किंवा चुकीच्या महिन्यात गेल्यामुळे. म्हणून खाली जागांबरोबर त्यांचा वार आणि हंगामही दिला आहे. निघताना वेळा एकदा ताज्या तपासून घ्या, कारण दुरुस्तीसाठी एखादं दालन महिनोन्‌महिने बंद असू शकतं.

काळा घोडा: मंगळवार ते सोमवारचा आठवडा

सुरुवात जहांगीर कला दालनापासून करावी. १९५२ मध्ये सुरू झालेलं हे दालन सकाळी ११ ते संध्याकाळी ७ उघडं असतं आणि आत जायला पैसे लागत नाहीत. मेट्रो ३ च्या हुतात्मा चौक स्थानकावरून पाच-सात मिनिटं, सीएसएमटी किंवा चर्चगेटवरून रमतगमत पंधरा-वीस मिनिटं.

इथला आठवडा मंगळवारी सुरू होतो आणि सोमवारी संपतो. चित्रकाराला तारीख मिळायला काही वर्षं थांबावं लागतं आणि हातात येतात ते सात दिवस. त्यामुळे एखाद्या प्रदर्शनाबद्दल चांगलं ऐकलं तर 'पुढच्या शनिवारी जाऊ' म्हणू नका, पुढच्या शनिवारी तिथे दुसराच कोणी असेल. मंगळवारी संध्याकाळी उद्घाटनाची गर्दी असते. माणसं भेटतात, चित्रं दिसत नाहीत. निवांत बघायचं असेल तर बुधवार ते शुक्रवार, दुपारी १२ ते ३. त्या वेळी चित्रकार खुर्चीवर एकटाच बसलेला असतो आणि त्यालाही कोणी तरी बोलायला हवं असतं.

एका भेटीत चार-पाच प्रदर्शनं एकाच छपराखाली असतात. सगळी सारख्या लक्षाने बघायला गेलात तर तिसऱ्या दालनात डोळे थकतात. सोपी पद्धत अशी: पहिली फेरी न थांबता मारायची, चित्राखालची चिठ्ठीही वाचायची नाही. दुसऱ्या फेरीत ज्या तीन-चार चित्रांपाशी पाय आपोआप रेंगाळले तिथेच उभं राहायचं. आधी आठ-दहा फुटांवरून, मग हातभर अंतरावरून आणि शेवटी बाजूने, म्हणजे उजेड पृष्ठभागावर तिरपा पडेल असं. बाजूने बघितलं की रंगाचे थर, ब्रशची दिशा, खरवडून पुन्हा रंगवलेल्या जागा दिसतात. चित्रकाराने कुठे मन बदललं ते बहुतेक वेळा इथेच कळतं.

चित्रकाराशी बोलताना 'याचा अर्थ काय' हा प्रश्न सर्वात शेवटी ठेवा. 'हे कशावर केलंय, पहिला रंग कुठला लावला, किती दिवस चाललं' असं विचारलं की तो खुलतो. टेबलावर अभिप्रायाची वही असते. तिच्यात 'छान' एवढंच न लिहिता कुठलं चित्र का आवडलं ते दोन ओळींत लिहा. त्या वह्या चित्रकार जपून ठेवतात.

विकत घ्यायचा विचार असेल तर किंमतपत्रक मागायला लाजू नका, ते टेबलाच्या खणात असतं. चित्राशेजारी लाल टिकली म्हणजे ते विकलं गेलं. तुम्ही घेतलेलं चित्रही प्रदर्शन संपेपर्यंत भिंतीवरच राहतं, सोमवारी संध्याकाळनंतर मिळतं. पावतीवर चित्राचं नाव, माध्यम, इंचांतलं माप, वर्ष आणि सही या पाच गोष्टी असल्याच पाहिजेत. मुद्राचित्र, म्हणजे ठशावरून कागदावर उतरवलेलं चित्र, असेल तर खाली पेन्सिलीने '७/२५' असा आकडा दिसेल, म्हणजे पंचवीस प्रतींमधली सातवी. आकडा नसेल तर किती प्रती काढल्या ते विचारून पावतीवर लिहून घ्या. कॅनव्हासवर छापलेल्या प्रतीवर वरून पारदर्शक लेप मारून ती हाताने रंगवल्यासारखी दिसेल अशी करता येते. साधं भिंग धरलं की छपाईचे बारीक ठिपके दिसतात आणि लेपाच्या रेघा खालच्या आकारांशी जुळत नाहीत. छापील प्रत घेण्यात काही वाईट नाही, पण तिची किंमत मूळ चित्राची नसावी.

भावात घासाघीस करू नका. त्याऐवजी 'याच मालिकेतलं लहान काही आहे का' किंवा 'दोन-तीन हप्त्यांत चालेल का' असं विचारा. पुष्कळ चित्रकार राजी होतात. कागदावरची रेखाटनं कॅनव्हासपेक्षा बरीच स्वस्त असतात, आणि चित्रकाराचा हात खरा तिथेच कळतो.

बाहेर पदपथावर चित्रं मांडून बसणारे कलाकारही याच जागेचा भाग आहेत. समोर बसून पेन्सिलीने चेहरा काढून घ्यायचा असेल तर दर, कागदाचं माप आणि लागणारा वेळ बसण्यापूर्वीच ठरवा. दुपारी चारनंतर ऊन तिरपं होतं आणि चेहऱ्यावर छाया नीट पडते, तेव्हा बसलेलं चांगलं.

रस्ता ओलांडून आधुनिक कलेच्या राष्ट्रीय दालनात जा. इमारत १९११ ची, वास्तुरचनाकार जॉर्ज विटेट, तेव्हाचं नाव सर कावसजी जहांगीर सभागृह. १९९६ पासून तिथे कला दालन आहे. तिकीट नाममात्र. अर्धगोल मजले एकावर एक चढत घुमटापर्यंत जातात. सरळ घुमटाखाली जाऊन तिथून खाली उतरत बघितलं तर पाय कमी दुखतात आणि वर गर्दीही नसते. जहांगीरशेजारचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सोमवारीही उघडं असतं. पण ते एका दुपारी उरकायची गोष्ट नव्हे. एका वेळी एकच विभाग, पहिल्यांदा लघुचित्रांचा.

कुलाब्यातली खासगी दालनं बघायचं पुष्कळजण टाळतात, कारण ती जुन्या इमारतींच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर असतात आणि दार बंद दिसतं. बेल वाजवा आणि आत जा. प्रवेश फुकट असतो, कोणी 'काय घेणार' विचारत नाही. रविवारी बरीचशी बंद असतात. जानेवारीत सगळी दालनं मिळून एक लांब शनिवार-रविवार साजरा करतात. त्यानंतर लगेच काळा घोड्याचा महोत्सव येतो, १९९९ पासून दरवर्षी, नऊ दिवसांचा. महोत्सवात शनिवार-रविवारी मुंगीलाही वाट मिळत नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी अकराला गेलात तर मांडणशिल्पं खरोखर दिसतात.

रस्त्यावरचं दगडी कोरीवकाम

फोर्टमध्ये असताना मान वर करून चालायला शिका. ही कला चोवीस तास उघडी आहे आणि तिच्याकडे कोणी बघत नाही. सीएसएमटीच्या दगडातली पानं, मोर, माकडं ही सर ज. जी. कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांच्या हातची आहेत. तिथून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत चालत जा. मंडईच्या प्रवेशद्वारांवरच्या कमानीत शेतकऱ्यांची उठावशिल्पं आहेत, लॉकवुड किपलिंग यांनी केलेली. ते याच कला महाविद्यालयात शिकवत. महात्मा गांधी मार्गावर न्यू इंडिया अॅश्युरन्सची १९३६ ची इमारत आहे. तिच्यावरचे उंचच्या उंच शेतकरी, कुंभार, सूत कातणारी बाई ना. ग. पानसरे यांची. बसच्या रांगेत रोज त्यांच्यासमोर उभी राहणारी माणसंसुद्धा त्यांना ओळखत नाहीत, याचं खरंच वाईट वाटतं. समोरच्या पदपथावर उभं राहून बघा, इमारतीखालून काही दिसत नाही. सकाळी दहाच्या आत किंवा दुपारी चारनंतर ऊन बाजूने येतं तेव्हा उठाव उठून दिसतो, भर दुपारी सगळं सपाट होतं. साधी दुर्बीण असेल तर न्या.

सर ज. जी. कला महाविद्यालय १८५७ चं. एरवी आवारात सहज शिरता येत नाही, पण विद्यार्थ्यांचं वार्षिक प्रदर्शन सर्वांना खुलं असतं. साधारण वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत भरतं, तारखा जाहीर होतात. रंगकाम, शिल्प, मातीकाम, धातुकाम, कापडावरची छपाई असे विभाग वेगवेगळ्या इमारतींत पसरलेले असतात, निदान तीन तास राखून ठेवा. मातीकाम आणि छपाईचे विभाग चुकवू नका. तिथे उत्तम काम असतं आणि लोक पोहोचेपर्यंत दमलेले असतात. एखाद्या विद्यार्थ्याकडून पहिलं चित्र विकत घ्यायला यापेक्षा चांगली जागा नाही.

भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये उघडलं, बुधवारी बंद. तिथले मातीचे छोटे पुतळे आधी बघा. मुंबईतल्या वेगवेगळ्या समाजांचे पोशाख, धंदे आणि पगड्या हातभर कपाटात आहेत. प्रत्येक पगडीची बांधणी वेगळी. खाली वाकून काचेजवळ डोळा नेला तरच कळतं की घड्या मातीत कोरलेल्या आहेत. जुन्या 'बॉम्बे पॉटरी'ची भांडीही इथेच, ती कला महाविद्यालयाच्या भट्टीतून निघालेली. बाहेर बागेत घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती उभा आहे, तो बघितल्याशिवाय परत फिरू नका.

वरळीचं नेहरू सेंटर, वांद्रे रेक्लमेशनची बॉम्बे आर्ट सोसायटी (संस्था १८८८ ची) आणि ठाण्याचं कलाभवन इथे प्रदर्शनं बदलत असतात. कार्यक्रम बघूनच जावं.

आषाढ: गणपतीचे कारखाने

लालबाग, परळ, चिंचपोकळी, गिरगाव इथल्या गणपतीच्या कारखान्यांना कोणी कला दालन म्हणत नाही. पण शिल्पकाम डोळ्यांदेखत होताना बघायचं असेल तर मुंबईत याच्या तोडीचं काही नाही. योग्य वेळ जूनच्या मध्यापासून गणेश चतुर्थीच्या साधारण तीन आठवडे आधीपर्यंत. त्याआधी गेलात तर मांडवात फक्त सांगाडे आणि साचे, आणि शेवटच्या आठवड्यात गेलात तर कामाच्या मधे येता. दुपारी जेवणानंतरची वेळ बरी. रात्री काम जोरात असतं, पण तेव्हा बोलायला कोणाला सवड नसते.

घरगुती शाडूच्या मूर्तीच्या पायऱ्या माहीत असल्या की बघण्यात मजा येते. शाडू भिजवून, मळून, गुठळी न राहील असा लगदा करतात. साच्याच्या दोन भागांत तो बोटांनी दाबून बसवतात, मग भाग जोडून सांध्यावर ओली माती फिरवतात. साच्यातून काढल्यावर हात, सोंड, दागिने यांची सफाई कोरणीने आणि ओल्या ब्रशने. मग सावलीत सुकवणं. घाई करून उन्हात ठेवली की बाहेरचा थर आधी आकसतो, आतली माती ओलीच राहते आणि सोंडेला किंवा खांद्याला भेग जाते. पावसाळी हवेत मूर्ती सुकायला आठवडा-दोन आठवडे सहज जातात, म्हणून कारखान्यात पंखे आणि दिवे रात्रंदिवस चालू असतात. ओली राहिलेली मूर्ती रंगवली तर रंगाला फुगे येतात आणि पापुद्रे सुटतात. सुकल्यावर पांढरा हात, मग फवाऱ्याने अंगाचा रंग, पितांबर, सोनेरी काम.

आणि शेवटी आखणी, म्हणजे डोळे. हे काम कारखान्यातल्या एक-दोघांकडेच असतं. मूर्ती फिरत्या पाटावर, आखणी करणाऱ्याच्या डोळ्यांच्या रेषेत आणून ठेवतात. तो करंगळी मूर्तीच्या गालाला टेकवून हात स्थिर करतो, अगदी बारीक ब्रश, रंग पातळ पण ओघळणार नाही इतका. वरच्या पापणीची रेघ एका दमात, थांबला तर जोड दिसतो. मग बुबुळ, त्यात काळी बाहुली, शेवटी पांढरा ठिपका. दोन्ही डोळ्यांतला ठिपका एकाच बाजूला पडला नाही तर नजर फाटते आणि मूर्ती कोणाकडेच बघत नाही. ठिपका पडेपर्यंत समोर रंगवलेली माती असते. पडला की माणसं नकळत पाटापासून मागे सरतात. हे एकदा तरी समोर उभं राहून बघाच.

आत जाताना चप्पल बाहेर. फोटोआधी विचारा. मोठ्या मंडळांच्या मूर्तीचा चेहरा पहिल्या दर्शनाआधी बाहेर जाऊ नये अशी रीत असते आणि ती पाळलीच पाहिजे. ओल्या मूर्तीला बोट लावू नका, पाठीवरची पिशवी पुढे घ्या. फवारणी चालू असेल तर रुमाल नाकाला हवा.

अख्खं गावच या कामात बघायचं असेल तर रायगडमधलं पेण. पनवेलहून एसटी मिळते, दिवा-पनवेल मार्गे रोह्याकडे जाणारी गाडीही तिथे थांबते. जवळच्या हमरापूर आणि जिते गावांत घराघरांत कारखाने आहेत. तिथे काम जवळजवळ वर्षभर चालतं, त्यामुळे हिवाळ्यातही रिकाम्या हाताने परत यावं लागत नाही.

दिवाळीआधी आणि दिवाळीत

धारावीचा कुंभारवाडा शीव किंवा माहीम स्थानकावरून जवळ, ९० फुटी रस्त्याला लागून. सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांची वस्ती. नवरात्रापासून दिवाळीपर्यंत गल्ल्या पणत्यांनी भरलेल्या असतात. सकाळी ९ ते ११ मध्ये गेलात तर चाकावर काम चालू दिसतं आणि पणत्या वाळत घातलेल्या असतात. नंतर भट्ट्या पेटतात. जळण म्हणून कापसाचा कचरा वापरतात, धूर दाट होतो. दम्याचा त्रास असेल तर सकाळीच उरकून निघा. पावसाळ्यात माल वाळत नाही, तेव्हा बघण्यासारखं कमी.

भांडं घेताना बोटाच्या पेराने टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर नीट भाजलेलं, बद्द आवाज आला तर कच्चं किंवा बारीक तडा गेलेलं. तडा डोळ्यांना दिसेलच असं नाही, कानाला कळतो. पणती साधी, बिनरंगाची घेतली तर वापरण्याआधी तीन-चार तास पाण्यात बुडवून, मग पूर्ण वाळवून घ्या, नाहीतर सगळं तेल तीच पिते.

दिवाळीत दादर, परळ, वरळी, गिरगाव या भागांत शाळांच्या वर्गांमध्ये रांगोळी प्रदर्शनं भरतात. जाहिरात असते ती नाक्यावरच्या फलकावर किंवा स्थानिक पानात एखाद्या ओळीची, नाहीतर शेजारी सांगतात. एका व्यक्तिचित्राला तासन्‌तास लागतात आणि ते चिमटीने सोडलेल्या भुकटीचं असतं, खाली चिकटवलेलं काही नसतं. त्यामुळे खोलीतले पंखे बंद असतात, खिडक्या लावलेल्या असतात आणि उकडतं. लहान मुलांना आधी पाणी पाजून आत न्या. ओढणी, पदर, गळ्यातला कॅमेरा, खिशातलं पेन यांतलं काहीही वाकल्यावर लोंबता कामा नये. चेहऱ्याची त्वचा आधी दुरून बघा, मग जमेल तितकं खाली बसून. गालावरच्या एका छटेतून दुसरीत जाताना दोन रंगांचे कण एकमेकांत मिसळलेले नसतात, शेजारी शेजारी पडलेले असतात, आणि मिसळण्याचं काम आपला डोळा करतो. काही रांगोळ्यांसाठी जमिनीवर उभं राहायची खूण केलेली असते. अशी रांगोळी लांबट आकारात काढलेली असते आणि फक्त त्याच जागेवरून उभी राहिल्यासारखी दिसते. पेटीत पैसे टाका, रंगाचा खर्च कलाकारच करतात.

चोर बाजार आणि वांद्र्याच्या भिंती

जुन्या सिनेमांची पोस्टरं मटण स्ट्रीटवर मिळतात. ग्रँट रोड किंवा सँडहर्स्ट रोडवरून चालत. शुक्रवारी दुकानं बंद असतात आणि त्या दिवशी पहाटेपासून रस्त्यावर जुना बाजार भरतो. पोस्टरांसाठी शुक्रवार सोडून या, सकाळी साडेअकरानंतर. जुनं पोस्टर ओळखायला कागदाची मागची बाजू बघा. घडीच्या रेषांवर कागद झिजलेला असतो, पिवळेपणा कडांना जास्त आणि मधे कमी असतो. चहाच्या पाण्यात बुडवून केलेला पिवळेपणा सगळीकडे सारखा असतो. खालच्या कडेला छापखान्याचं नाव बारीक अक्षरांत असतं, नव्या प्रतींत ती ओळ धूसर किंवा कापलेली दिसते. नवी प्रत शंभर-दोनशे रुपयांची वस्तू आहे, तेवढेच द्या.

वांद्र्याची चॅपल रोड आणि रणवार गाव रविवारी सकाळी आठच्या सुमारास बघा, तेव्हा चित्रांपुढे गाड्या कमी असतात. ही राहती घरं आहेत, खिडकीत कॅमेरा घालू नये. दोन पावसाळ्यांत रंग उडतो किंवा वर नवं चित्र येतं, म्हणून जुन्या यादीवर विसंबू नका. रेक्लमेशनजवळ एमटीएनएलच्या इमारतीवर २०१४ मध्ये दादासाहेब फाळके रंगवले गेले, ते बघायचं असेल तर लांबून.

लेणी आणि अंबरनाथ

कान्हेरीत शंभराहून जास्त लेणी आहेत आणि बहुतेक लोक तिसऱ्या क्रमांकाचं चैत्य बघून परततात. ४१ क्रमांकाच्या लेण्यातला अकरा मस्तकांचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर आणि ३४ च्या छतावरचे रंगाचे अवशेष यांसाठी थोडं चढावं लागतं. टॉर्च घेऊन जा, पण उजेड छतावर रोखून ठेवू नका, बघण्यापुरताच टाका. घारापुरीला गेटवेहून लाँचने तासभर लागतो, पहिल्या लाँचने जा, नंतर तीन मुखांच्या सदाशिवासमोर रांग लागते.

अंबरनाथचं शिवमंदिर पूर्वेला स्थानकापासून वीसेक मिनिटांच्या चालीवर. शिलालेखात शके ९८२ आहे, म्हणजे इ. स. १०६०. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला कोरीवकाम बघायला जाऊ नये, तो भाविकांचा दिवस. एरवी सकाळी आठ ते दहा. बाहेरच्या भिंतींना उभे कोन आहेत, ऊन सरकतं तशी एकेक मूर्ती उजेडात येते. एका कोपऱ्यात अर्धा तास बसलात तर देवळाला चार प्रदक्षिणा घालण्यापेक्षा जास्त दिसेल.

डहाणू: वारली चित्रं त्यांच्या घरी

मुंबईत वारली चित्र कपावर, पडद्यावर, मेट्रोच्या खांबावर दिसतं. ते जिथून आलं तिथे एक दिवस जाता येतं. चर्चगेटपासून डहाणू रोड १२४ किलोमीटर. विरारच्या पुढे गाड्या मोजक्या आहेत, परतीच्या दोन गाड्यांच्या वेळा सकाळीच लिहून ठेवा. पहाटेची गाडी धरली तर साडेनऊपर्यंत पोहोचता. स्थानकाबाहेरून कासा-जव्हारच्या रस्त्याला लागणारी एसटी किंवा शेअर रिक्षा गंजाडला सोडते. जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) याच गावचे. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज परिसरातल्या अनेक पाड्यांवर चित्रकार घरी काम करतात. आधी फोन करून जाणं चांगलं. जून ते सप्टेंबर भाताची कामं असतात, तेव्हा चित्रकार शेतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. कापणीच्या सुमारास तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य ऐकू येण्याची शक्यताही जास्त.

मूळ चित्र लग्नाचं. कुडाच्या भिंतीला शेण-गेरूचा हात देऊन सवाशिणी त्यावर तांदळाच्या पिठाने चौक काढतात, आत पालघट देवी, आणि धवलेरी, म्हणजे लग्नविधी करणारी बाई, गाणी म्हणते. तो विधी आहे, विक्रीचा माल नव्हे. लग्नघरी बोलावल्याशिवाय जाऊ नका, आणि चौक दाखवलाच तर फोटो विचारूनच. कागदावर आणि कापडावर चित्रं काढणं सत्तरच्या दशकात सुरू झालं, तेव्हापासून पुरुषही काढू लागले.

विकत घेताना तारपा नाच नीट बघा. वादक मधे, भोवती माणसांची वळत जाणारी साखळी, आणि नाचणारे तारप्याकडे पाठ करत नाहीत. बाजारासाठी उतरवलेल्या चित्रांत माणसं कुठेही तोंड करून उभी असतात. माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, पण हाताने काढलेल्या चित्रात कुठल्याही दोन माणसांची कंबर सारखी वाकत नाही. सगळ्या सारख्या असतील तर ते साच्याचं किंवा छापील काम. बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ केलेलं असतं, त्याची रेघ सुरुवातीला जाड आणि शेवटाला बारीक होत जाते. मार्करची रेघ शेवटपर्यंत सारखी. पिठाचा रंग हात लावला तर भुकटी सोडतो, म्हणून विक्रीच्या चित्रात पांढऱ्या रंगात डिंक किंवा गोंद मिसळतात. ती फसवणूक नव्हे, टिकण्यासाठीची सोय आहे. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

भाव करताना एक हिशेब मनात ठेवा. दोन फूट बाय तीन फुटांच्या दाट चित्रात शेकडो माणसं, झाडांची पानं, भाताच्या लोंब्या असतात आणि ते काम कित्येक दिवसांचं असतं. रोजगाराच्या दराने जरी मोजलं तरी आकडा कळतो. चित्रकाराची सही आणि पाड्याचं नाव मागच्या बाजूला लिहून घ्या, आणि चित्रात काय चाललंय ते कोपऱ्या-कोपऱ्याने विचारा. पेरणी, मासेमारी, वाघदेव, लग्नाची वरात हे एकाच कापडावर असतं, सांगितल्याशिवाय निम्मं कळत नाही.

घरी आणल्यावर

कापड किंवा कॅनव्हास गुंडाळायचा झाला तर रंगाची बाजू बाहेर ठेवा आणि निदान चार इंच व्यासाच्या नळीवर गुंडाळा. आत ठेवली की रंग दबतो आणि उलगडताना चिरा जातात. घडी कधीच नको. विरारच्या गाडीत नळी वरच्या फळीवर आडवी ठेवा, दाराजवळ उभी नको. घरी पोहोचल्यावर त्याच रात्री उलगडून सपाट ठेवा.

चौकट करताना कागदावरच्या कामाला आम्लरहित माउंट मागा, साधा पुठ्ठा चार-पाच वर्षांत कागदाच्या कडा तपकिरी करतो. काच कागदाला टेकता कामा नये, मधे माउंटची जाडी हवी. मुंबईत चित्राचा खरा शत्रू पावसाळी भिंत. इमारतीच्या बाहेरच्या बाजूची भिंत, न्हाणीघराला लागून असलेली भिंत आणि पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत टाळा. चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे किंवा रबराचे तुकडे चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळेल. जुलैत एकदा चित्र उतरवून मागची बाजू बघा. करडे ठिपके दिसले तर ओल्या फडक्याने पुसू नका, बुरशी पसरते. चौकट उघडून कोरड्या खोलीत पंख्याखाली दोन दिवस ठेवा, मग मऊ कोरड्या ब्रशने बाहेरच्या दिशेने झाडा, तोंडाला रुमाल बांधून. ठिपके रंगावर आले असतील तर हात न लावता जतन करणाऱ्या तज्ज्ञाकडे न्या.